वाचलेल्यांच्या यादीत शिवरामदादा

मंदाताई साटमने आपला मोठा फोन कपाटात ठेवून साध्या बटणांचा फोन घेतला, त्याला आता चार महिने झाले. आमच्या जानकी निवासवाल्यांत यावर भरपूर बोलून झालं आहे. कुणी म्हणालं, मोतीबिंदू वाढला असेल. कुणी म्हणालं, वय झालं की माणूस देवाकडे वळतो. रतन मला म्हणाला, "मधु, ते मोबाइलचा उपास का काय करतात ना हल्ली, तसलं असेल. माझी सून करते दर शनिवारी. रविवारी दुप्पट बघते." मी हसलो आणि विषय बदलला. खरं कारण मला ठाऊक आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते, कारण त्यात माझाही हात आहे. त्याच कारणाने शिवरामदादांची नात सान्वी हिनेही मोठ्याने वाचणं सोडलं आहे. आठ वर्षांची पोर. ती पुन्हा वाचायला लागावी, एवढंच मंदाताईला हवं आहे. बाकी कशात तिचं लक्ष नाही.

जानकी निवास म्हणजे डोंबिवली पश्चिमेची आमची जुनी चाळ. ती पाडली आणि माणसं पांगली. शिवरामदादा घाग कोपरला गेले, रतन मानपाड्याला, मी आणि मंदाताई जवळच्याच एका इमारतीत आलो. मी दुसऱ्या मजल्यावर आणि ती बरोबर माझ्या डोक्यावर. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांची लाइन जोडून देते, स्वतःची जोडायला वेळ कुठे?"

ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा जमाना. अख्ख्या चाळीत फोन एकच, तिच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. गावाकडून वाईट बातमी आली की ती पहिल्यांदा मंदाताईच्या कानात पडायची आणि मग ती ज्याची त्याला पोचवायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, पण तिच्याइतकं ते कुणाला जमतही नव्हतं. दारात जाऊन ती आधी पाणी मागायची. पाणी पिता पिता म्हणायची, "गॅस बंद कर गं जरा, मला वास सहन होत नाही." मांडीवर मूल असेल तर ते आपल्याकडे घ्यायची. मग म्हणायची, "गावाहून फोन होता. अण्णांची तब्येत जास्त आहे. निघायला हवं." गेले, हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. रात्रभराचा एसटीचा प्रवास करून माणूस चिपळूणला, देवरुखला उतरायचा आणि तिथे त्याला कळायचं. मी एकदा तिला विचारलं होतं की असं फसवायचं कशाला. ती म्हणाली, "रस्ताभर माणसाला आशा लागते रे. नाहीतर पाय उचलत नाहीत."

मलाही तिनेच सांगितलं होतं. मी बारावीत होतो, गॅलरीत बसून गणितं सोडवत होतो. ती आली, माझ्या हातातून पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि म्हणाली, "बाबांची तब्येत जास्त आहे, चल." टोपण लावलं तेव्हाच मला कळलं होतं. तरीसुद्धा दवाखान्यापर्यंत मी भराभर चालत गेलो, वडील जिवंत असल्यासारखा. त्या वाटेबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे.

अशी ही बाई. आणि निवृत्त झाल्यावर तिच्या हातात मोठा फोन आला.

'जानकी निवास, आपली माणसं' हा ग्रुप तिनेच काढला. चौसष्ट माणसं. सुरुवातीला आम्हाला कोण आनंद! वीस वर्षांनी एकमेकांची तोंडं दिसली, लग्नाची आमंत्रणं तिथेच होऊ लागली. मग एकाचे अकरा ग्रुप झाले. सकाळी सहाला सूर्योदय आणि सुविचार. मग पंचांग, वाढदिवस, कुणाचं पित्ताशय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्यामुळे तिची डाळ किती वेळा करपली याचा वास माझ्या घरात यायचा. मी चिडवायचो, "मंदाताई, एक्स्चेंज बंद झालं, पण तुझी ड्युटी काही संपली नाही." तिला ते आवडायचं. तिला कौतुक एकाच गोष्टीचं होतं. कुणी गेलं तर बातमी पहिली तिची यायला हवी. दुसऱ्या कुणी टाकली की तिचा दिवस वाईट जायचा. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. सगळ्यांना सगळ्यात आधी कळवणं हेच तिने जन्मभर केलं होतं. फक्त पाणी, गॅस आणि मांडीवरचं मूल, हे मधलं सगळं गळून पडलं होतं. ते आम्हा चौसष्ट जणांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

एकदा तिचा फोन अडकला म्हणून मी बघत होतो, तर त्यात फोटोंचा एक वेगळा कप्पा दिसला. नाव होतं 'तयार'. उघडला. आमच्या चाळीतले सत्तरीच्या पुढचे सगळे. मागचं काढून पांढरं केलेलं, भोवती झेंडूची चौकट, खाली दोन समया, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फक्त तारीख रिकामी. एक्केचाळीस माणसं, सगळी जिवंत. त्यात माझी आई होती. आई तेव्हा खालच्या मजल्यावर भाजी निवडत बसली होती. माझं डोकंच फिरलं.

"मंदाताई, लाज नाही वाटत?"

"अरे, ऐन वेळी चांगला फोटो मिळत नाही रे," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "लोक आधार कार्डाचा पाठवतात. मेलेल्या माणसाचं शेवटचं रूप तरी बरं दिसावं."

मी आईचा फोटो काढून टाकायला लावला. तिने काढला. मग बोट पुढे सरकवून तिने मला शेवटचा फोटो दाखवला. तो तिचा स्वतःचाच होता, अबोली साडीतला. म्हणाली, "माझ्या मागे कोण करणार? म्हणून करून ठेवला." तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

गणपती उठून आठवडा झाला असेल. शिवरामदादांना श्वासाचा त्रास होऊन डोंबिवलीतल्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. वय चौऱ्याहत्तर. मानपाड्याच्या एमआयडीसीत आयुष्य घालवलेला शिस्तीचा माणूस, पण नातीपुढे पार विरघळलेला. सान्वी इंग्रजी शाळेत जाते म्हणून मराठी वाचायला तिला दादांनीच शिकवलं, दुकानांच्या पाट्यांवरून. रिक्षात बसली की ती पोर वाचत सुटायची: "श्री… गजानन… पो-ळी-भा-जी केंद्र." हायवेवरचं 'अति घाई संकटात नेई' ती इतक्या वेळा ओरडायची की रिक्षावाले हसायचे. दादांनी हॉस्पिटलात जाताना आपला फोनही तिलाच देऊन टाकला. म्हणाले, "मला आत काय उपयोग? तू खेळ त्याच्यावर." मुलगी शिवानी आदल्या रात्री ठाण्यात, माजिवड्याला स्वतःच्या घरी गेली होती, जरा अंग टेकायला. सान्वी तिच्याबरोबर होती आणि दादांचा फोन सान्वीच्या हातात. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी तीन-चाळीसला दादा गेले. खोलीत मी होतो, त्यांचा मुलगा सुदेश होता आणि वासंतीवहिनी. सुदेशने बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. मी ऐकलं. "ताई, बाबा जास्त सीरियस आहेत. लगेच निघ." आवाज जराही हलू दिला नाही त्याने. जानकी निवासचा मुलगा तो. मला त्याचं कौतुक वाटलं.

मग मी खाली येऊन मंदाताईला फोन केला.

"गेले गं शिवरामदादा."

"अरे देवा! कधी?"

"झाली वीस-पंचवीस मिनिटं."

"बरं, ठेवते," ती म्हणाली.

शिवानी वाटेत आहे, तिला अजून कळलेलं नाही, एवढी दोन वाक्यं मला बोलायची होती. मी बोललो नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही, कारण हे मंदाताईला सांगावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. ज्या बाईने आम्हाला हे शिकवलं तिला मी काय शिकवणार?

चार-अकराला माझ्या खिशात फोन थरथरला. झेंडूची चौकट, दोन समया, मध्ये दादा. कै. शिवराम धोंडू घाग. खाली, 'शोकाकुल: मंदाकिनी साटम व जानकी निवास परिवार'. मी बघितलं आणि काय केलं असेल? हात जोडलेलं चित्र टाकलं. विचार न करता, बोटाच्या सवयीने. माझ्याआधी चार जणांचे हात जोडून झाले होते.

पावणेपाचला शिवानी आली. रडत नव्हती. सान्वीने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मला वाटलं, मुलीला आधीच चाहूल लागते म्हणतात, तसं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई माझ्या दारात. केस विंचरलेले नाहीत, हातात फोन. आपला मेसेज कुणी कुणी वाचला याची यादी बघायची तिला सवय होती. ती यादी तिने माझ्यापुढे धरली. वरच्या पन्नासेक नावांखाली, तळाशी, म्हणजे अगदी पहिल्या वाचणाऱ्यांत, नाव होतं: शिवरामदादा घाग. चार वाजून तेरा मिनिटं.

"मधु, दादांनी वाचलं," ती म्हणाली.

मी आगाऊपणा केला. म्हटलं, "फोटो आवडला का विचार." बोललो आणि माझ्याच अंगावर काटा आला.

"वहिनींच्या हातात असेल ना रे त्यांचा फोन?"

वहिनींचे दोन्ही हात तेव्हा दादांच्या पावलांवर होते. मी समोर उभा होतो. मी म्हटलं, "असेल." ती गेली. वरच्या मजल्यावर दिवसभर तिच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोपरला समाचाराला गेलो. वहिनी आत होत्या. सुदेशने आम्हाला गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त सांगत गेला. रिक्षा माणकोलीच्या पुलावर होती. सान्वी म्हणाली, "आई, आजोबांचा फोटो आलाय. फुलंबिलं लावलीयेत." शिवानीच्या डोक्यात बाबांचा श्वास, बाबांचा ऑक्सिजन. तिला वाटलं, गणपतीतला कुठलातरी फोटो असेल. पोर गुंतून राहावी म्हणून ती म्हणाली, "हो का? काय लिहिलंय? वाच बघू."

आणि सान्वीने वाचलं. अक्षर लावून लावून. भा, व, पू, र्ण. पुढचा शब्द अवघड होता, तो तिने तीनदा वाचला. मग नाव वाचलं. आणि विचारलं, "आई, कै. म्हणजे काय गं?"

"रिक्षावाल्याने आपणहूनच बाजूला घेतली रिक्षा," सुदेश म्हणाला. "मग थांबून होता बिचारा. पुलावर थांबू देत नाहीत, तरी."

मंदाताईने गॅलरीचा गज धरला. परत आलो. आमच्या जिन्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कार्ड आधीच तयार होतं रे. दादांना ॲडमिट केलं त्याच दिवशी मी ते वरती काढून ठेवलेलं. नाहीतर करायला पाऊण तास तरी लागला असता. तेवढ्यात ती पोचली असती." मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. तू का नाही सांगितलंस, असं ती म्हणाली असती तर मी निदान भांडलो तरी असतो.

त्यानंतर तिला ते ऐकू यायला लागलं. तिने प्रत्यक्षात कधी न ऐकलेलं. भांडी घासताना, पूजेला बसल्यावर, भर दुपारी. लहान मुलीचा आवाज, एकेक अक्षर. म्हणाली, "त्या अवघड शब्दापाशी अडते रे ती. मी मनातल्या मनात पुरा करून देते, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते." फोन बंद असला तरी कमरेला थरथरल्यासारखं व्हायचं तिला. दचकून हात जायचा. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, "डॉक्टर काय अक्षरं थांबवणार?"

मग तिने एकेक ग्रुप सोडायला घेतला. वाटतं तितकं ते सोपं नाही. चहाला सोकावलेल्या माणसाचा चहा तोडला की डोकं उठतं, तसं तिचं झालं. पहिल्या आठवड्यात चार ग्रुप सोडले आणि दोनांत परत गेली. मला येऊन सांगितलं, चोरी केल्यासारखी. मग माझ्याकडूनच बटणांचा फोन आणवला. मोठा फोन कपाटात, साड्यांखाली. रोज बाराला अर्धा तास काढायचा, बँकेचे आणि औषधांचे निरोप बघायचे आणि परत ठेवायचा. त्या अर्ध्या तासात मी समोर बसावं, असं तिने मला सांगितलं. मी बसायचो. मला माझा फोनही खिशात ठेवावा लागायचा, आणि पहिले काही दिवस माझी बोटं मांडीवर उगाच वळवळायची, तेव्हा कळलं की मीही काही फार वेगळा नव्हतो.

'तयार' नावाचा कप्पा मात्र तिने एका दुपारी माझ्यासमोर रिकामा केला. सगळे एकदम पुसता येतात, मी तिला बटण दाखवलं. तिने ऐकलं नाही. एकेक फोटो उघडायची, झेंडूतल्या त्या जिवंत चेहऱ्याकडे बघायची, हळूच म्हणायची, "माफ करा हं," आणि पुसायची. काळुराम भोईर, चाळीत मासे घेऊन यायचा तो. रतन. वासंतीवहिनी. वहिनींपाशी ती बराच वेळ थांबली. स्वतःचा फोटो तिने शेवटी पुसला, त्याला काही म्हणाली नाही.

फोन सोडल्याचं मोलही तिने मोजलं. पौषात काळुराम गेला आणि तिला पाच दिवसांनी कळलं, तेही भाजीवालीकडून. चाळीस वर्षांची ओळख. शेवटचं दर्शन चुकलं. ती माझ्यावर भयंकर चिडली. "तू खाली राहतोस ना माझ्या? दोन जिने चढवले नाहीत तुला?" मी म्हटलं, तूच म्हणालीस कुणाचं काही सांगू नकोस. त्या दिवशी तिने कपाटाकडे दोनदा बघितलं. उघडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण तिचा पीळ जळताना मी बघितला आहे, आणि ते बघायला काही बरं वाटत नाही.

मागच्या महिन्यात सुदेश बाजारात भेटला. त्याच्याकडून कळलं की सान्वीच्या शाळेतून बोलावणं आलेलं. वर्गात वाचायला उभी केली की ती पुस्तक हातात धरून गप्प उभी राहते. मराठी नाही, इंग्रजी नाही. मनात वाचते, लिहिते, पेपरात मार्कही बरे आहेत. तोंडातून अक्षर काढत नाही. रिक्षात बाहेर बघतसुद्धा नाही. हे मंदाताईला सांगावं की नाही, मी दोन दिवस घोळवत होतो. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मला माजिवड्याला घेऊन चल."

गेल्या रविवारी आम्ही गेलो, माझ्या गाडीतून. शिवानीने दार उघडलं, "या" म्हणाली. तिची ती मंदाआत्या, पण आत्या म्हणाली नाही. पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. सान्वी खिडकीपाशी चित्र रंगवत बसलेली. मंदाताईचे गुडघे गेलेले, तरी ती भिंत धरून धरून खाली तिच्याशेजारी बसली.

"सान्वी, आजोबांचा तो फोटो फोनवर मी पाठवलेला."

"माहितीये," सान्वी रंगवता रंगवताच म्हणाली. "खाली तुमचं नाव होतं."

"माझा राग येतो?"

सान्वीने मान हलवली. नाही.

"मग वाचत का नाहीस बाळा?"

ती रंगवतच राहिली. आकाश होतं, आकाशाला निळा खडू घासून घासून कागद फाटायला आला. मग ती अगदी सरळ आवाजात बोलली, शाळेत उत्तर देतात तसं. "मामा बोललेला, आजोबा सीरियस आहेत. आई रिक्षात देवाला सांगत होती. आजोबा जिवंत होते. मग मी वाचलं आणि ते मेले."

स्वयंपाकघराच्या दारात शिवानी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. पाच महिन्यांत हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं, आता ट्रे पडणार. पडला नाही. तिने तो दाराशीच खाली ठेवला.

मंदाताईने त्या पोरीच्या हातातला खडू काढून घेतला. "ऐक," ती म्हणाली. "आजोबा त्याच्या आधीच गेलेले. तुम्ही रिक्षात बसलात ना, त्याच्याही आधी. तू वाचलंस म्हणून काही झालं नाही. गेले होते म्हणूनच मी लिहिलं." गेले, हा शब्द ती दोनदा बोलली. मी तिला उभ्या आयुष्यात असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पण मामा बोलला, सीरियस."

मंदाताईने तो खडू पेटीत ठेवला. "मामा खोटं बोलला," ती म्हणाली. "सगळेच बोलतात. मीच शिकवलं सगळ्यांना तसं बोलायला. तुझ्या मामाला, या मधुला, सगळ्यांना."

मला वाटलं, झालं. आता पोर रडेल, हिच्या गळ्यात पडेल, गाठ सुटेल. आपल्याला असं काही घडायला हवं असतं. सान्वी रडली नाही. कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, "मग आजीला सर्दी झालीय, ती?"

"म्हणजे?"

"आजी दर रविवारी येते. आज आली नाही. आई बोलली, आजीला सर्दी झालीय." तिने मंदाताईच्या तोंडाकडे बघितलं. "खरी सर्दी?"

"अगं खरीच सर्दी!" शिवानी जवळजवळ ओरडली. "सकाळीच बोलले मी तिच्याशी. थांब, फोन लावते, तूच बोल." तिने फोन पुढे केला. सान्वीने दोन्ही हात पाठीमागे नेले. आईकडे तिने पाहिलंही नाही. ती मंदाताईला म्हणाली, "तुम्ही सांगा."

पूर्वीची मंदाताई असती तर तिने वहिनींना किती दिवसांपासून सर्दी आहे, कुठला काढा चालू आहे, वाफ सकाळी घेतली की संध्याकाळी, सगळं सांगितलं असतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही बाळा. मला आता कुणाचंच काही कळत नाही." मग भिंतीला हात लावून उठायला लागली. "मधु, गाडी आहे ना खाली? चला, बघून येऊ."

चहा तसाच राहिला. गाडीत शिवानी माझ्या शेजारी, त्या दोघी मागे. तोच पूल लागला तसं मला राहवेना. म्हटलं, "शिवानी, त्या दिवशी मंदाताईला फोन मी केलेला. तू वाटेत आहेस हे मी तिला सांगितलं नाही."

"माहितीये काका," ती समोर बघत म्हणाली. "हात जोडणारे तुम्ही पाचवे होतात." मी गाडी कोपरकडे वळवली.

वासंतीवहिनींनी दार उघडलं ते डोक्याला टॉवेल गुंडाळूनच. आम्ही चौघं एकदम, न कळवता, दारात. त्यांचा हात कडीवरच राहिला आणि चेहरा पांढरा पडला. जानकी निवासमध्ये अशी माणसं दारात एकाच कारणासाठी यायची.

"कोण?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही वहिनी," मंदाताई म्हणाली. "कुणी नाही, देवाशप्पथ." वहिनींनी विश्वास ठेवल्यासारखं दिसलं नाही. त्या एकेकाचे चेहरे तपासत राहिल्या, कोण कमी आहे ते मोजल्यासारख्या. तेवढ्यात सान्वी आमच्या पायांतून पुढे झाली.

"आजी, शिंकून दाखव."

"काय गं?"

"शिंकून दाखव ना."

वहिनींना आधी काही समजेना, मग हसू फुटलं, बसलेल्या आवाजातलं. "मागून कशी येईल गं शिंक? आली की येते." सान्वीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या अगदी समोर बसली. आम्हीही बसलो. चहा झाला, चिवडा झाला, बाहेर दिवे लागले. शिवानी दोनदा म्हणाली की निघू या, उद्या शाळा आहे. सान्वी हलली नाही. आजीच्या नाकावरून तिने नजर काढली नाही, आणि हळूहळू आम्ही तिघंही बोलायचं थांबून तिकडेच बघायला लागलो.